तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न: कॅज्युअल्टीतल्या एका हल्ल्याचं प्रकरण

हे प्रकरण एका ठरावीक रुग्णालयाचं नाही. कॅज्युअल्टीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या घटनाक्रमातून ते जुळवलेलं आहे; वेळा, अंतरं आणि माणसं त्या क्रमाला धरून घातली आहेत. अभ्यासांचे आणि मार्गदर्शक सूचनांचे जे आकडे मध्ये येतात, ते मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

काय घडलं

मध्यम आकाराचं रुग्णालय, रात्रपाळी. कॅज्युअल्टीत दोन डॉक्टर, चार नर्स, खिडकीवर एक क्लार्क, दोन वॉर्डबॉय आणि एक सफाई कर्मचारी. सिक्युरिटीचे दोन गार्ड, एक मुख्य दारावर, दुसरा वाहनतळाकडे.

रात्री १०.१० ला ६८ वर्षांच्या गृहस्थांना पोटदुखी म्हणून मुलाने आणलं. नाडी ९६, बीपी १३०/८०, ताप नाही. रुग्णाची निकड ठरवणाऱ्या पाच पातळ्यांच्या ट्रायाजमध्ये तिसरी पातळी मिळाली. तपासण्या लागतील, पण जिवाला तात्काळ धोका दिसत नाही, असा त्याचा अर्थ. त्या घडीला ते वर्गीकरण बरोबरच होतं. १०.३५ ला रक्त घेतलं, सलाइन लावलं, वेदनाशामक दिलं आणि रुग्णाला बाहेरच्या ट्रॉलीवर थांबवलं.

१०.५० ला मुलगा खिडकीवर आला. "रिपोर्ट कधी येतील?" "येतील, बसा."

११.२५ ला तो पुन्हा आला. "मॅडम, बाबांचं पोट हाताला दगडासारखं लागतंय. हात लावू देत नाहीयेत." क्लार्क म्हणाली, "सिस्टरना सांगते." सिस्टर तेव्हा आतल्या रेससच्या, म्हणजे गंभीर रुग्णांच्या तातडीच्या उपचारांच्या खोलीत होत्या. निरोप खिडकीतच राहिला.

११.४० ला अपघातातला एक गंभीर रुग्ण आला आणि दोन्ही डॉक्टर त्याच्यात अडकले. पाठोपाठ छातीत दुखणारा एक आणि झटके येणारं एक मूल, दोघांनाही थेट आत घेतलं गेलं. मुलाला एवढंच दिसलं की आपल्यानंतर आलेले आत गेले.

१२.०५ ला तो तिसऱ्यांदा खिडकीवर आला, आता दोन चुलतभाऊ सोबत. उत्तर मिळालं, "सिस्टीममध्ये अजून दाखवत नाही. डॉक्टर बिझी आहेत, मी काय करू?" १२.३० पर्यंत मुलगा येरझाऱ्या घालत होता, आवाज चढला होता, खिडकीच्या कट्ट्यावर हात आपटून झाला होता. वॉर्डबॉय जाता जाता म्हणाला, "शांत व्हा, हॉस्पिटल आहे हे."

१२.४० ला रुग्णाला दरदरून घाम फुटला. बीपी ८४/५०. ट्रॉली घाईने आत गेली, दार बंद झालं. पुढची २५ मिनिटं आतून कोणीही बाहेर आलं नाही.

१.०५ ला डॉक्टर बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच त्यांनी सांगितलं की जठरातला व्रण फुटलाय, ऑपरेशन लगेच करावं लागेल, प्रकृती गंभीर आहे. शेजारी क्लिपबोर्डवर संमतीपत्र घेऊन नर्स उभी होती. मुलगा ओरडला, "तीन तास आम्ही काय सांगत होतो?" डॉक्टर म्हणाले, "आधी सही करा, वेळ घालवू नका." मुलाने क्लिपबोर्ड हिसकावून भिरकावला. एका चुलतभावाने नर्सला ढकललं. ती मागच्या ड्रेसिंग ट्रॉलीवर आदळून खाली पडली आणि तिचं मनगटाजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांच्या पाठीशी कपड्यांचं कपाट होतं; कॉरिडॉर तिथेच संपत होता.

पॅनिक बटण खिडकीच्या कट्ट्याखाली, तिथून १४ मीटरवर. दुसऱ्या नर्सने ते दाबलं. सिक्युरिटीच्या खोलीतल्या पॅनेलवर दिवा लागला, पण रात्री त्या खोलीत कोणी बसतच नाही. शेवटी सफाई कर्मचारी धावत मुख्य दाराशी गेला. गार्ड पोहोचेपर्यंत सहा मिनिटं झाली होती आणि तोवर दुसऱ्या चुलतभावानेच पहिल्याला मागे ओढलं होतं. ही गोष्ट अहवालातून बहुतेक गळते, पण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घोळक्यात भांडण थांबवू पाहणारा एक माणूस जवळजवळ नेहमी असतो आणि त्याला आधीच ओळखून त्याच्याशी बोलता येतं.

ऑपरेशन झालं, रुग्ण वाचला. नर्सचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये.

बैठकीतली मागणी

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तीन गोष्टी मागितल्या गेल्या: आणखी चार गार्ड, दारावर मेटल डिटेक्टर, भिंतीवर "हल्ला केल्यास कारवाई होईल" असा मोठा फलक. कोणत्याही हल्ल्यानंतर हेच तीन सुचतात. ते वाईट आहेत असं नाही, पण प्रत्येक उपाय घटनाक्रमावर ठेवून पाहिला तर चित्र वेगळं दिसतं.

मेटल डिटेक्टरने या रात्री काहीच पकडलं नसतं. जे फेकलं गेलं ते रुग्णालयाचं, ज्यावर नर्स आदळली तेही रुग्णालयाचंच. फलक वाचून थांबेल असा माणूस १.०५ ला त्या कॉरिडॉरमध्ये नव्हता, आणि १०.५० ला तो फलक वाचला असता तर "इथे आपल्याला शत्रू समजतात" एवढंच त्याच्या मनात गेलं असतं. जादा गार्डचा उपयोग झाला असता, पण ते कॅज्युअल्टीच्या आत उभे असते आणि त्यांना कोणी बोलावलं असतं तरच. हे तिन्ही उपाय शेवटच्या पाच मिनिटांवर खर्च होतात. आधीचे जवळपास तीन तास तसेच मोकळे राहतात.

कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी अमेरिकेची नायोश ही संस्था कामाच्या जागेवरच्या हिंसेचे चार प्रकार मानते: बाहेरच्या गुन्हेगाराकडून, सेवा घेणाऱ्याकडून किंवा त्याच्या माणसांकडून, सहकाऱ्याकडून आणि कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नात्यातून. दारावरची झडती पहिल्या प्रकाराला चालते. रुग्णालयात मात्र बहुतांश हिंसा दुसऱ्या प्रकारची असते. हा माणूस आपणच आत घेतलेला असतो, त्याला इथेच थांबायला सांगितलेलं असतं आणि तो काही तास आपल्या डोळ्यांसमोर बदलत जातो. बदल पाहायला वेळ मिळतो, हाच इथला फायदा.

नेमकं कुठे बिघडलं

११.२५ चं वाक्य पुन्हा वाचा. पोट दगडासारखं कडक होणं आणि हात लावू न देणं ही पोटात काहीतरी फुटल्याची, पोटाच्या आतल्या आवरणाला दाह झाल्याची पाठ्यपुस्तकी खूण आहे. ती खिडकीवर आली, पण ज्या माणसाकडे आली त्याला ती खूण आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे तक्रार करणारा नातेवाईक त्या क्षणी विभागातला सगळ्यात जागरूक निरीक्षक होता, आणि आपण त्याला "बसा" म्हटलं. हिंसा आणि हुकलेली फेरतपासणी ही इथे दोन वेगळी अपयशं नाहीत. थांबलेल्या रुग्णाकडे कोणीच फिरकलं नाही, या एका भोकातून दोन्ही बाहेर पडली.

कॅनडाच्या सीटॅस या ट्रायाज पद्धतीत तिसऱ्या पातळीच्या रुग्णाला दर ३० मिनिटांनी पुन्हा पाहायचं असतं. त्या हिशोबाने १०.३५ ते १२.४० या काळात चार वेळा कोणीतरी ट्रॉलीपाशी जायला हवं होतं. एकदाही कोणी गेलं नाही.

दुसरं बिघडलं ते रांगेचं दिसणं. ट्रायाजचा क्रम आत काम करणाऱ्याला इतका अंगवळणी पडलेला असतो की बाहेर बसलेल्याला तो ठाऊक नाही, हे विसरायला होतं. बाहेरच्याला रांग म्हणजे आधी आला तो आधी. कोणी समजावलं नाही तर मागून आलेला आत जाणं म्हणजे वशिला.

आणि मग ती २५ मिनिटांची कोरी जागा. ट्रॉली धावत आत जाते, दार लागतं, आतून आवाज येतात. रुग्ण खालावल्यावर नातेवाइकांपाशी कोणीच नसणं ही सगळ्यात महागात पडणारी शांतता. दारातून डोकं बाहेर काढून "बीपी खाली गेलंय, आत उपचार चालू आहेत, पंधरा मिनिटांत मी स्वतः बाहेर येऊन सांगते" एवढं म्हणायला वीस सेकंद लागतात.

रात्रीची पाहणी

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने आरोग्यसेवेतल्या हिंसेबाबतच्या मार्गदर्शक सूचना १९९६ मध्ये प्रथम काढल्या. त्यांत पाच भाग आहेत: व्यवस्थापनाची बांधिलकी व कर्मचाऱ्यांचा सहभाग, जागेचं विश्लेषण, धोक्यांवर नियंत्रण, प्रशिक्षण, आणि नोंदी व मूल्यमापन. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १ जानेवारी २०२२ पासून आपल्या मान्यताप्राप्त रुग्णालयांना असं विश्लेषण दरवर्षी करायला लावलं आहे. पण पाहणी बहुतेक ठिकाणी सकाळी अकराला, फाइल हातात घेऊन होते. ती घटनेच्या वेळी करावी. या प्रकरणात ती रात्री साडेबारा ते दोन या वेळात झाली. सोबत त्या पाळीची एक नर्स, क्लार्क, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, गार्ड आणि इमारत देखभालीचा माणूस. दिवसा कधीच न दिसणाऱ्या गोष्टी दिसल्या.

कार्डाने उघडणारं आतलं दार खुर्ची लावून उघडं ठेवलेलं होतं. कारण विचारल्यावर कळलं की दोन्ही हातांत सामान असताना कार्ड लावता येत नाही. "दार बंद ठेवा" असा आदेश काढून हे सुटत नाही. कोपराने दाबता येईल असं बटण आतल्या बाजूला बसवावं लागतं. कॉरिडॉरचा शेवटचा दिवा गेलेला होता. कपाटामुळे तिथे बंद टोक तयार झालं होतं. ड्रेसिंग ट्रॉलीवर दोन कात्र्या, एक चिमटा उघड्यावर. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर भिंतीला टेकवून ठेवलेला, पट्टा नाही. डॉक्टर-नर्सच्या गळ्यातल्या ओळखपत्रांच्या दोऱ्या ओढल्यावर न सुटणाऱ्या. आणि पॅनिक बटण: दाबून पाहिल्यावर दिवा रिकाम्या खोलीत लागतो, हे तोवर कोणाला माहीत नव्हतं, कारण ते बसवल्यापासून फक्त दिवसा तपासलं गेलं होतं.

यातलं बरंच काही आठवड्याभरात झालं. कपाट हलवलं, दिवा लावला, सिलिंडरला स्टँड आला, कात्र्या कुलपाच्या ड्रॉवरमध्ये गेल्या, ट्रॉली कोनाड्यात उभी राहू लागली, ओळखपत्रांना झटका बसल्यावर सुटणाऱ्या क्लिपा आल्या. हा सगळ्यात स्वस्त भाग. तो आधी उरकावा, म्हणजे कर्मचाऱ्यांचाही विश्वास बसतो की पाहणी फाइलसाठी नव्हती.

अर्ध्या तासाची फेरी

मुख्य बदल फेरीचा. दर पाळीला एका नर्सच्या नावावर बाहेर थांबलेल्यांची फेरी लागते आणि ते नाव ड्युटी चार्टवर लिहिलेलं असतं. एका रुग्णामागे दीड ते दोन मिनिटं. रुग्णाकडे बघायचं, नाडी आणि बीपी घ्यायचा, दुखणं दहापैकी किती ते विचारायचं, मग नातेवाइकाला विचारायचं, "तुम्हाला मघापेक्षा काही बदल वाटतोय का?" हा प्रश्न वैद्यकीयही आहे आणि माणूस सांभाळणाराही. त्यानंतर तीन गोष्टी सांगायच्या: पुढे काय होणार, साधारण किती वेळ लागेल, आणि कोण येऊन सांगेल. वेळ सांगताना हात थोडा सैल ठेवावा. रिपोर्टला ४० मिनिटं लागत असतील तर "तासभर" म्हणावं. लवकर आल्याबद्दल कोणी भांडत नाही.

हे फुकटात होत नाही. बाहेर दहा जण असतील तर एका फेरीला वीस मिनिटं लागतात, म्हणजे गर्दीच्या तासांत एका नर्सचा निम्म्याहून जास्त वेळ. म्हणून पहिल्याच महिन्यात फेरी जिथे तुटायची तिथेच तुटली: रेससमध्ये हात कमी पडले की फेरीवाल्या नर्सलाच आत ओढलं जायचं. त्यावर नियम असा केला की तिला आत घ्यायचं तर पाळीच्या इंचार्जने दुसऱ्याचं नाव तिथल्या तिथे सांगायचं. दुसरा माणूसच नसेल तर फेरी तासाची होईल, पण ते बाहेर जाऊन बोलून दाखवायचं: "आत दोन गंभीर रुग्ण आहेत, आता मी दर तासाने येईन. मधे त्रास वाढला तर या दारावर टकटक करा." सांगून केलेला तास न सांगता चुकवलेल्या अर्ध्या तासापेक्षा बरा.

खिडकीवर दोन नियम लागले. पहिला: टोकन क्रमांकासमोर प्रत्येक विचारणेची एक रेघ मारायची. तिसरी रेघ पडली की इंचार्ज सिस्टरना फोन, आणि दहा मिनिटांच्या आत डॉक्टर, नर्स यांपैकी कोणीतरी त्या कुटुंबाजवळ. बोलण्याचा सूर कसा होता ते बघायचं नाही. अगदी नम्रपणे तीनदा विचारणाराही त्यात येतो. किंबहुना त्याच्याकडेच आधी दुर्लक्ष होतं. दुसरा नियम: वाक्यात शरीराचा उल्लेख आला तर रेघा मोजत बसायचं नाही. क्लार्कच्या समोर चिकटवलेल्या कार्डावर शब्द आहेत: श्वास, छाती, शुद्ध, झटका, रक्त, पोट कडक, अंग गार, बोलणं अडखळतंय, "मघापेक्षा जास्त". यातला एकही शब्द कानावर आला की लगेच फोन. क्लार्कने निदान करावं अशी अपेक्षा नाही. शब्द ऐकू आला एवढंच तिने कळवायचं.

बाहेर लावलेल्या माहितीच्या फळ्याचं काम दुय्यम, पण आहे. आत किती गंभीर रुग्ण, किती डॉक्टर, तिसऱ्या-चौथ्या पातळीला सध्या किती वेळ लागतोय, आणि गंभीर रुग्ण आधी का घेतला जातो याचं एक वाक्य. माहितीने राग उतरतो याला पुरावा आहे. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २०११ मध्ये आपत्कालीन विभागांसाठी पिअर्सनलॉइड या स्टुडिओकडून फलक आणि माहितीची मांडणी करून घेतली. चाचणीतल्या रुग्णालयांत ७५ टक्के रुग्णांनी त्याने वैताग कमी झाल्याचं सांगितलं, आणि धमकावणाऱ्या देहबोलीत व आक्रमक वागण्यात ५० टक्के घट नोंदली गेली. मात्र फळ्याच्या कोपऱ्यात शेवटची नोंद कधी केली ती वेळ हवीच. रात्री एक वाजता "प्रतीक्षा ३० मिनिटं" असं संध्याकाळचं वाक्य झळकत असेल तर फळा पुसून टाकलेला चांगला.

आवाज चढल्यावर

"शांत व्हा" हे वाक्य बंद करावं. ते ऐकून शांत झालेला माणूस सापडणं कठीण. त्यात आज्ञा आहे आणि तुमचा राग चुकीचा आहे असा निवाडाही आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या आपत्कालीन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रोजेक्ट बीटा नावाने बोलून शांत करण्याची सूत्रं मांडली. त्यातली चार रोजच्या कामाला येतात: दोन हातांएवढं अंतर ठेवा, बोलणारा एकच असू द्या, वाक्यं छोटी ठेवा, आणि जे खरं आहे ते कबूल करा. उभं राहायचं ते थोडं तिरकं, हात दिसतील असे, आणि समोरच्याचाही बाहेर जायचा रस्ता मोकळा ठेवून.

१२.३० ला मुलाशी असं बोलता आलं असतं: "दादा, सव्वादोन तास होऊन गेले, हे खरंय. बाबांचं पोट दुखतंय आणि कोणी आलं नाही. मी आत्ता त्यांना बघते, तुम्ही माझ्यासोबत चला." इथे कबुली फक्त वाट पाहावी लागल्याची आहे, उपचारात चूक झाल्याची नाही. हा फरक न कळल्यामुळे कर्मचारी तोंड मिटून घेतात आणि काम बिघडतं. मर्यादा घालायची वेळ आली तर ती पर्यायासकट घालावी: "मला तुमच्याशी बोलायचंय. कट्ट्यावर हात आपटत राहिलात तर मला थांबावं लागेल. इथे बसून बोलायचं की बाहेरच्या बाकावर?"

बोलणं कधी थांबवायचं हेही शिकवावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या एका आपत्कालीन विभागातल्या निरीक्षणांवरून २००७ मध्ये स्टॅम्प ही खुणांची यादी मांडली गेली: रोखून बघणं, आवाजाची पट्टी आणि सूर, अस्वस्थता, पुटपुटणं, येरझाऱ्या. या खुणा दिसेपर्यंत बोलायला वाव असतो. मुठी आवळल्या, हातात एखादी वस्तू आली, ओरडणारा अचानक गप्प झाला, किंवा तुमच्या आणि दाराच्या मध्ये तो येऊन उभा राहिला, की वाक्य अर्धवट सोडून निघायचं आणि कोड, म्हणजे मदतीला माणसं बोलावणारा ठरलेला इशारा, द्यायचा. त्यात कमीपणा नाही, हे वरिष्ठांनी स्वतः म्हटल्याशिवाय कोणी निघत नाही.

रुग्ण स्वतःच आक्रमक होतो तेव्हा हिशोब निराळा. साखर उतरलेली असणं, ऑक्सिजन कमी पडणं, दारू सुटल्यानंतरचा त्रास, डोक्याला मार, वयस्कांतला भ्रम ही कारणं आधी तपासायची. तिथे बोलण्याआधी उपचार येतो. दाखल रुग्णांसाठी नॉर्वेतून आलेली ब्रोसेट यादी सोपी आहे. गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, अंगावर धावून येण्याचा आविर्भाव, तोंडी धमकी, वस्तूंवर हल्ला अशा सहा गोष्टी, प्रत्येकी एक गुण. एक-दोन गुण म्हणजे मध्यम धोका, दोनहून जास्त म्हणजे पुढच्या २४ तासांसाठी जास्त धोका. ती रुग्णांसाठी आहे. नातेवाइकांना तिने मोजू नये.

वाईट बातमी कुठे आणि कशी

कॉरिडॉरमध्ये उभ्याने सांगणं बंद झालं. कॅज्युअल्टीलगतची सामानाची एक खोली रिकामी करून घेतली, तिला दोन दारं होती म्हणून. दारांना काचेची पट्टी, आतून कडी नाही, दारं बाहेर उघडणारी. खुर्च्या जड, उचलून फेकता न येणाऱ्या. टेबलावर काचेची वस्तू नाही, भिंतीवर काचेची फ्रेम नाही. कर्मचाऱ्यांच्या खुर्च्या दाराजवळ; नातेवाइकांनाही दुसरं दार मोकळं.

आत जाताना डॉक्टर आणि नर्स अशी जोडी. कुटुंबातले दोन-तीन जणच, आणि त्यांत मघाशी इतरांना आवरणारा कोण तो जरूर. गार्ड जवळ असतो पण खोलीत नाही. सुरुवातीला त्याला खोलीतच उभं केलं जायचं आणि कुटुंबाला तोच निरोप वाटायचा. सगळ्यांनी बसायचं. आधी एक सूचक वाक्य ("बातमी चांगली नाहीये"), मग दोन-तीन छोट्या वाक्यांत काय झालं ते, मग गप्प राहायचं. त्यांचा पहिला प्रश्न येईपर्यंत आपण बोलायचं नाही. संमतीपत्र नर्सच्या हातात नसतं. ते बाहेर असतं आणि प्रश्नाचं उत्तर दिल्यावर मागवलं जातं. तातडीचं ऑपरेशन असलं तरी या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात थिएटरची तयारी चालूच असते.

मदत बोलावणं

कट्ट्याखालचं बटण राहिलं, पण प्रत्येक नर्स आणि डॉक्टरच्या खिशात छोटं बटण आलं आणि त्याचा इशारा खोलीतल्या पॅनेलवर न जाता गार्डच्या वॉकीटॉकीवर आणि इंचार्जच्या फोनवर जाऊ लागला. एक गार्ड रात्री कॅज्युअल्टीच्या आत हलवला. महिन्यातून एकदा, रात्रीच, न सांगता चाचणी होते. ठरवलेलं उद्दिष्ट दोन मिनिटांचं, आणि घड्याळ बटण दाबल्यापासून चालू.

कोडला येणाऱ्यांची कामं वाटलेली असतात. एक बोलतो, एक इतर रुग्णांना बाजूला घेतो, एक दार सांभाळतो, एक रस्त्यातली ट्रॉली आणि स्टँड हलवतो. पहिल्या सरावात आठ जण धावत आले आणि आठही जण एकदम बोलू लागले. असा घोळका पाहून समोरचा बचावाच्या पवित्र्यात जातो. आता बाकीचे नजरेच्या टप्प्यात थांबतात, तोंड बंद ठेवतात. सरावाला क्लार्क, सफाई कर्मचारी आणि कंत्राटी गार्डही असतात. त्या रात्री मदत आणली ती सफाई कर्मचाऱ्याने, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्याचंच नाव नव्हतं.

नोंद

याच कॉरिडॉरमध्ये आधीच्या महिन्यांत धक्काबुक्की आणि धमक्या झाल्याचं पाहणीत चार जणांनी सांगितलं. कागदावर एकही नोंद नव्हती. हे अपवादात्मक नाही. अमेरिकेतल्या एका रुग्णालय समूहाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात हिंसा अनुभवलेल्यांपैकी ८८ टक्के कर्मचाऱ्यांनी ती रुग्णालयाच्या यंत्रणेत नोंदवलीच नव्हती. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत: फॉर्म चार पानी, भरून काही होत नाही, आणि वरिष्ठांचा पहिला प्रश्न असतो, "तू काय बोललीस त्यांना?"

तो प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारायचा नाही, असं लेखी ठरलं. पहिले प्रश्न दोनच: लागलंय का, आणि आत्ता घरी कोण घेऊन जाईल. फॉर्म सहा रकान्यांचा झाला: वेळ, जागा, कोणाकडून, काय घडलं, त्याआधीच्या तासात काय चाललं होतं, इजा. पाचवा रकाना सर्वांत कामाचा, कारण त्यातूनच पुढचा उपाय सापडतो. नोंद करणाऱ्याला ७२ तासांत उत्तर जातं, मग ते "अजून काही ठरलं नाही" एवढंच असलं तरी. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच पाळीत वेगळं काढून ठेवायचं. ठरावीक दिवसांनी त्यावर नवं चित्रण चढतं आणि चौकशी सुरू होते तेव्हा जुनं उरलेलं नसतं.

नोंदी सुरुवातीला वाढतात. त्या वाढल्या म्हणून योजना फसली असं म्हणणारा कोणीतरी बैठकीत असतोच. पहिल्या वर्षी नोंदींच्या संख्येवर मत बनवू नये. इजा, त्यामुळे गेलेले कामाचे दिवस, कोडला लागलेला वेळ आणि फेऱ्या किती टक्के वेळेवर झाल्या हे बघावं. आकडे इतर विभागांशी ताडायचे तर ओशाचा हिशोब वापरावा: इजांची संख्या गुणिले २,००,०००, भागिले एकूण कामाचे तास. हे दोन लाख म्हणजे १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे.

पुढचे अकरा दिवस

रुग्ण अकरा दिवस वॉर्डात होता, म्हणजे तोच मुलगा रोज येणार होता. हा भाग बहुतेक योजनांत विसरला जातो. दुसऱ्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षक आणि वॉर्डच्या इंचार्जनी त्याला बसवून लेखी अटी दिल्या. एका वेळी दोन भेटणारे. ढकलणाऱ्या चुलतभावाला आवारात प्रवेश नाही. रोज संध्याकाळी ५ वाजता सर्जरीच्या टीममधली ठरलेली एक व्यक्ती दहा मिनिटं बोलणार, आणि ती वेळ चुकणार असेल तर रुग्णालय आधी कळवणार. अटी मोडल्यास भेट थांबेल, वडिलांचे उपचार थांबणार नाहीत, हे वाक्य ठळक लिहिलेलं.

पोलिसांकडची तक्रार रुग्णालयाने स्वतःच्या नावाने केली. जखमी नर्सला एकटीला पोलिसांत जावं लागलं नाही. जबाबाच्या वेळी प्रशासनाचा माणूस सोबत होता आणि तो वेळ ड्युटीत धरला गेला. प्लास्टर निघाल्यावर ती कोणत्या पाळीत येणार हे तिला विचारून ठरलं.

कुटुंबाची तक्रारही आली: पोट कडक झाल्याचं सांगूनही सव्वा तास कोणी पाहिलं नाही. ती खरी होती. अशा वेळी कोणीतरी हळूच सुचवतं की तुम्ही तुमची मागे घ्या, आम्ही आमची घेतो. तसं केलं की नर्सच्या मोडलेल्या हाताची आणि हुकलेल्या फेरतपासणीची एकमेकांत वजाबाकी होते आणि दोन्हींची चौकशी तिथेच संपते. म्हणून दोन फाइली वेगळ्या ठेवल्या, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे दिल्या. उपचारातल्या उशिराचं उत्तर कुटुंबाला लेखी गेलं, त्यात ११.२५ ची नोंद जशीच्या तशी आहे. हल्ल्याची फाइल कायद्याच्या वाटेने चालू आहे.